बडनगरे : एका दुर्मिळ आडनावाची वाटचाल



शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही ग्रंथालयात असा एक ग्रंथ असतो, की ज्याची नोंद ग्रंथसूचीत कधीच होत नाही. तो म्हणजे सभासदांची नोंदवही. पुस्तके फाटतात, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात. परंतु वर्गणीच्या जुन्या वहीची दुसरी आवृत्ती निघत नाही. कोणते घर या गावात केव्हापासून आहे, कोणते निघून गेले, आणि आपले नाव त्या घराने कसे लिहिले, हे त्या वहीला जितके ठाऊक असते तितके पुष्कळदा घरालाही नसते.

अशा वह्यांत भरणारे एक आडनाव आजच्या विवेचनाचा विषय आहे. पांढुर्णा आणि सौसर या भागात देशमुख, पाटील, राऊत, चौधरी ही सर्वपरिचित आडनावे आहेतच. पण त्यांच्या सोबतीने डोंगरदिये, बारंगे, खवसे, हजारे, बैगने, धारपुरे, देवासे अशीही आडनावे भेटतात. पुण्या-मुंबईच्या माणसाची लेखणी तेथे क्षणभर थबकते. याच पंक्तीत बडनगरे हे आडनाव बसते. कोणी ते बोलीप्रमाणे ‘बन्नगरे’ असेही लिहितात. या एका आडनावाचा उगम कोठला, त्याचा अर्थ कोणता आणि ते धारण करणारी माणसे किती, असे तीन प्रश्न आहेत. ते वरवर एकच वाटतात. परंतु त्यांची उत्तरे तीन निरनिराळ्या ठिकाणी सापडतात, आणि हीच या आडनावाची खरी गोडी आहे.

प्रथम भूमीचा विचार करावयास हवा. सातपुड्याचे पठार उत्तरेकडे ठेवून जी जमीन नागपूरच्या मैदानाकडे उतरत जाते, त्या उतारावर सौसर आणि पांढुर्णा वसलेली आहेत. संत्र्यांच्या बागा, कपाशीची काळी जमीन, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार, ही या भूमीची ठळक ओळख. देवगडच्या गोंड राजांची सत्ता येथे होती. पुढे नागपूरकर भोसल्यांची आली. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा हा मुलूख त्यात गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी दुहेरी राहणी तेव्हापासून या तालुक्यांच्या वाट्याला आली. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात समाविष्ट झाले. सीमा अशा अनेकदा बदलल्या. परंतु माणसांची आडनावे त्या सीमांच्याही आधीची आहेत.

बडनगरे हे भोयर समाजातील एका कुळाचे नाव होय. हा समाज स्वतःस भोयर पवार असेही म्हणवितो. वैनगंगेच्या खोऱ्यातील, म्हणजे बालाघाट, गोंदिया व भंडारा या भागांतील पोवार समाजाशी त्याची गल्लत अनेकदा केली जाते. परंतु दोघांची वस्ती, बोली व कुळांची नावे वेगळी आहेत. भोयरांची वस्ती बैतूल व मुलताईपासून पांढुर्णा-सौसरमार्गे वर्धा जिल्ह्यातील कारंजा-आर्वीपर्यंत पसरलेली आहे. वर्धा नदीचा उगमही मुलताईजवळचाच. ढोबळमानाने पाहिले तर वस्तीची ही रेघ नदीच्या रेघेच्या आधाराने दक्षिणेकडे उतरलेली दिसते. शेतकरी समाज पाण्याच्या आणि काळ्या मातीच्या मागे जातो, याचे नवल वाटावयास नको.

या समाजाच्या कुळनावांची पहिली मोठी छापील नोंद १९१६ सालची आहे. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. रसेल १९१५ च्या अखेरीस निवर्तले आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती पडला. त्यात भोयरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. या समाजात शंभराहून अधिक कुळे असून एका कुळात परस्पर विवाह होत नाही, असे तेथे म्हटले आहे. बहुतेक कुळनावे पदव्यांवरून वा व्यवसायांवरून, काही गावांवरून आणि थोडी झाडांवरून आली, असे त्यांचे वर्गीकरण ग्रंथकारांनी केले. बडनगरे या नावापाशी मात्र त्यांना थांबावे लागले. त्यांच्या मते हे नाव वस्तुतः बडनगर या गावावरून आलेले. परंतु त्या कुळातील माणसे स्वतः त्याचा संबंध बडाशी, म्हणजे वडाच्या झाडाशी जोडतात आणि त्या झाडाच्या पानांच्या बाबतीत एक नेम पाळतात.

गाव की झाड? ग्रंथकारांनी गावाच्या बाजूने कौल दिला, परंतु कारणे दिली नाहीत. ती देता येण्यासारखी आहेत, आणि ती नावातच दडलेली आहेत.

पहिले कारण ‘नगर’ या शब्दात आहे. नुसत्या झाडावरून नाव पडते तेव्हा झाडाचे नाव पुरेसे असते. याच समाजातील बारंगे हे कुळनाव बारंग या वृक्षावरून आले असे रसेल सांगतात. मराठीत त्याच वृक्षाला वारंग म्हणतात. तेथे झाडाच्या मागे नगर आलेले नाही. वडालाही नगर चिकटण्याचे कारण नव्हते. ते चिकटले, कारण नाव गावाचे होते.

दुसरे कारण ‘ब’ या एका अक्षरात आहे. मराठीत झाड ‘वड’, हिंदीत ‘बड’. नाव मराठी मुलखात, मराठी तोंडात जन्मास आले असते तर ते ‘वडनगरे’ झाले असते. उत्तर गुजरातेत वडनगर नावाचे प्राचीन गाव आहे, तेथेही ‘व’च आहे. माळव्यात उज्जैनच्या पश्चिमेस जे गाव आहे ते मात्र ‘बडनगर’. पूर्वी ते शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होते. कवी प्रदीप यांचा जन्म १९१५ साली तेथलाच. शतकानुशतके मराठीच्या शेजारी राहूनही या आडनावाने आपला ‘ब’ सोडला नाही. शेकडो मैलांच्या प्रवासात सामान हरवले, सनदा हरवल्या, कदाचित गावाची आठवणही हरवली. परंतु एक अक्षर राहिले आणि तेच दाखल्याचे काम करते.

तिसरे कारण शेजारच्या आडनावांत आहे. धारपुरे आणि देवासे ही कुळनावे याच समाजातली. धार, देवास आणि बडनगर ही तिन्ही गावे माळव्यातील, एकमेकांपासून फार दूर नसलेली. एकटे नाव योगायोग म्हणून सोडून देता येते. तीन नावे एकाच दिशेस बोट दाखवू लागली, की ती दिशा मानावी लागते.

या निष्कर्षाला भाषेचाही आधार आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा दुसरा भाग १९०८ साली निघाला. त्यात छिंदवाड्याच्या भोयरीची नोंद राजस्थानीच्या शाखेत, माळवीच्या पोटी केलेली आहे. मराठीत वा स्थानिक हिंदीत नव्हे. शिवाय या समाजाची वंशावळ राखणारे भाट माळव्यातून येत, असे रसेल लिहितात. बोली, भाट आणि आडनाव असे तीन साक्षीदार एकच जबानी देतात.

स्थलांतर केव्हा झाले, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. औरंगजेबाने धारानगरीला वेढा घातला तेव्हा तटावरून माघार घेतलेल्या पवार सैनिकांचे आपण वंशज, अशी परंपरागत कथा रसेल यांनी नोंदविली आहे. पहाटे, म्हणजे ‘भोर’च्या वेळी, ते पळताना दिसले म्हणून भोयर, अशी व्युत्पत्तीही त्या कथेला जोडलेली आहे. या व्युत्पत्तीत उपहासाचा वास आहे. ती शेजाऱ्यांनी रचली असावी असे वाटते. कालगणनाही जुळत नाही. धारचे परमार राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभीच दिल्लीच्या फौजेपुढे संपले, पुढे माळव्यात स्वतंत्र सुलतानशाही आली आणि अकबराच्या काळात माळवा मोगलांचा सुभा झाला. औरंगजेब तख्तावर बसला तेव्हा धार त्याच्या घराण्याच्याच सत्तेखाली होते. स्वतः रसेल यांचे अनुमान पंधराव्या शतकाचे आहे, आणि ते अधिक पटण्यासारखे आहे. माळव्याचा सुलतान हुशंगशहा (१४०६-१४३५) याने बैतूलजवळच्या खेडल्याच्या राज्यावर स्वारी केली होती. माळव्याची फौज सातपुड्यात येण्याची वाट तेव्हाच पडली होती. फौजेमागून शेतकरी आणि शेतीमागून वस्ती, हा क्रम इतिहासात नवा नाही. लोककथा सन-शके चुकते. दिशा मात्र सहसा चुकत नाही.

नावाच्या शेवटच्या ‘ए’चाही थोडा विचार करणे आवश्यक आहे. रसेल यांनी हे नाव ‘बडनगऱ्या’ असे ऐकले. त्यांच्या यादीतील इतर नावेही ‘डोंगरदिया’, ‘खपरिया’, ‘बैगन्या’ अशीच आहेत. ही एकेरी रूपे होत. मराठीत आदरासाठी एकाला अनेकवचन लावण्याची रीत आहे. गोऱ्या माणसाच्या घराण्याला गोरे म्हणतात, काळ्याचे काळे होते. त्याच रीतीने बडनगऱ्याचे बडनगरे झाले, डोंगरदियाचे डोंगरदिये झाले. गावाच्या नावाला ‘कर’ लावण्याची पद्धत कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात अधिक. विदर्भात नुसत्या ‘ए’नेही काम भागते, जसे नागपुरे, रामटेके. म्हणजे या आडनावाचे डोके माळव्याचे आणि शेपूट वऱ्हाड-नागपूरचे आहे. ‘बडनगर’ ही आणलेली शिदोरी, ‘ए’ हा येथे मिळालेला मान.

मग त्या कुळातील माणसे वडाचे झाड सांगत, ते चूक म्हणावे काय? येथेच उगम आणि अर्थ यांची वाट वेगळी होते. मराठी मुलखात देवक ही संस्था जुनी आहे. कळंब, वड, उंबर, शमी अशा एखाद्या झाडाला घराणे आपले मानते, लग्नात त्याची डहाळी आणते आणि एरवी त्याचा मान राखते. माळव्याहून आलेले कुटुंब या मुलखात रुजू लागले, तेव्हा ‘तुमचे देवक कोणते?’ हा प्रश्न त्याला केव्हातरी विचारला गेला असेल. बडनगर गाव तोवर पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिलेले नव्हते; वड मात्र प्रत्येक पाणवठ्यावर उभा होता. नावातील ‘बड’ तयारच होता. गाव मागे पडले आणि झाड पुढे आले.

रसेल लिहितात, की या कुळातील माणसे वडाची पाने खात नाहीत. हे वाक्य वाचून कोणालाही प्रश्न पडेल, कारण वडाची पाने तसेही कोणी खात नाही. परंतु वडाच्या पानांच्या पत्रावळी होतात आणि त्यांवर जेवण होते. मूळ नेम ‘वडाच्या पानावर जेवत नाही’ असा असावा आणि सांगणाऱ्याच्या बोलीतून इंग्रजीत उतरताना एक प्रत्यय गळाला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. लग्नाच्या पंगतीत सर्वांपुढे एक पत्रावळ आणि एका घराण्यापुढे दुसरी, हे दृश्य डोळ्यांपुढे आणले म्हणजे आडनावाचा अर्थ म्हणजे काय ते उमगते. उगम हा इतिहासाचा विषय आहे. अर्थ हा आचरणाचा. बडनगरे या आडनावाचा उगम माळव्यात आहे आणि अर्थ सौसर-पांढुर्ण्याच्या मातीत आहे. दोन्ही खरे आहेत.

हे लक्षात घेतले म्हणजे त्याच यादीतील इतर नावांकडेही अधिक न्यायाने पाहता येते. खवसे म्हणजे न्हावी, किंकर म्हणजे गुलाम, दुखी म्हणजे दरिद्री, असे अर्थ तेथे दिलेले आहेत. याहूनही कटू अर्थ काही नावांना चिकटविलेले आहेत. परंतु ‘खवास’ हा दरबारातील खासगी सेवकालाही लावला जाणारा शब्द आहे, आणि ‘किंकर’ हे तर भक्त स्वतःला अभिमानाने म्हणवून घेतो. उलट डोंगरदिया म्हणजे डोंगरावरचा दिवा, असे सुंदर नावही त्याच यादीत आहे; आणि डोंगरदिवे हे त्याचे भावंड महाराष्ट्रात वेगळ्या समाजांतही सापडते. एका आडनावावरून माणसाची जात ठरविणारे लोक तेथे हमखास फसतात. ऐकीव अर्थ छापला गेला म्हणून तो खरा होत नाही, आणि परक्याने दिलेला अर्थ घराण्याने शिरावर वाहिलाच पाहिजे असेही नाही.

आता संख्येकडे वळावयाचे. भारताच्या जनगणनेत आडनावांची गणना होत नाही. जातींची सविस्तर गणनाही १९३१ नंतरच्या जनगणनांतून प्रसिद्ध झाली नाही. म्हणून जुन्या आकड्यावरून हिशेब मांडावा लागतो. १९११ साली भोयरांची संख्या साठ हजारांच्या आसपास होती आणि बहुतेक वस्ती बैतूल व छिंदवाडा या दोन जिल्ह्यांत होती. कुळे शंभराहून अधिक. सरासरीने एका कुळाच्या वाट्याला सहाशेहून कमी माणसे येतात. पाच माणसांचे घर धरले तर सव्वाशेच्या आत घरे. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ ते २०११ या शंभर वर्षांत पंचवीस कोटींवरून एकशेएकवीस कोटींवर गेली, म्हणजे सुमारे पाचपट झाली. त्याच मानाने वाढ धरली तरी असे एक आडनाव तीन हजारांच्या पुढे क्वचितच जाईल. हा हिशेब आहे, मोजणी नव्हे. कोणते कुळ मोठे असेल, कोणते लहान. परंतु हे आडनाव दुर्मिळ का, हे त्यावरून कळते. समाजच मूळचा लहान, आणि तो शंभर वाटांनी विभागलेला.

दुर्मिळ आडनावावर काळाची एक विशेष वक्रदृष्टी असते. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन आणि धर्मोपदेशक वॉटसन यांनी १८७४ च्या सुमारास गणिताने दाखविले, की नाव केवळ मुलांकडून पुढे जात असेल, तर थोड्या घरांची आडनावे काही पिढ्यांत आपोआप नाहीशी होऊ शकतात; त्यासाठी रोगराई वा युद्ध लागत नाही. एका घरात मुलीच झाल्या, दुसऱ्यात मूल झाले नाही, एवढे पुरते. मोठ्या आडनावाला हा तोटा जाणवत नाही. लहानाला तो पेलत नाही.

त्यात लेखनाची भर पडते. मराठी शाळेत ‘बडनगरे’, हिंदी कागदावर ‘ड’खाली टिंब देऊन ‘बड़नगरे’, बोलीत ‘बन्नगरे’. इंग्रजीने तर ‘ड’च्या जागी कधी ‘डी’ तर कधी ‘आर’ योजला. खुद्द माळव्यातील गावही जुन्या इंग्रजी कागदांत ‘बारनगर’ झालेले आहे. एका आजोबांचे तीन नातू तीन प्रकारे नाव लिहू लागले, की तीन वेगळी आडनावे होतात, आणि मतदारयाद्यांत व संगणकात ती पुन्हा कधी एकत्र येत नाहीत.

तिसरी गोष्ट स्वेच्छेची. काही घरांनी कुळनाव सोडून ‘पवार’ हे आडनाव स्वीकारले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या नावाला शाळेत हसतात, ज्याचे स्पष्टीकरण प्रत्येक कचेरीत द्यावे लागते, ते नाव मुलाच्या खांद्यावर ठेवावे की नाही, हा बापाचा अधिकार आहे. शिवाय ‘पवार’ या नावाने सारा समाज एका सूत्रात येतो, हाही विचार त्यामागे असतो. परंतु या देवघेवीत काय जाते तेही पाहावे. पवार हे नाव सर्वांचे आहे, म्हणून ते कोणा एका घराची वाट सांगू शकत नाही. ज्यांच्याजवळ ताम्रपट नव्हते, बखरी नव्हत्या, त्या शेतकरी घरांजवळ पूर्वजांचा एकच दस्तऐवज होता. तो म्हणजे त्यांचे कुळनाव. तो बदलताना निदान त्याची एक नक्कल ठेवावी, एवढीच अपेक्षा.

आणि ही नक्कल ठेवण्याची जागा कोणती, तर ग्रंथालय. भाटांच्या पोथ्या त्यांच्या घरी आहेत आणि ते येण्याची प्रथा क्षीण होत चालली आहे. सरकारी दप्तरात माणूस असतो, घराणे नसते. ग्रंथालयाने मनावर घेतले, तर प्रत्येक सभासद-कुटुंबाकडून एक पान भरून घेता येईल: आडनाव, त्याची जुनी रूपे, मूळ गावाविषयीची समजूत, देवक, घरात बोलली जाणारी बोली, आणि आडनाव बदलले असल्यास आधीचे कोणते. माहेरचे आडनावही त्यात अवश्य असावे. नाहीतर अर्धा इतिहास लग्नाच्या मांडवातच थांबतो. खर्च एका वहीचा आहे. पन्नास वर्षांनी ती वही या संस्थेच्या कपाटातील सर्वांत मोलाचा ग्रंथ ठरेल.

बडनगरे आडनावाची जी काही घरे आज पांढुर्णा-सौसर भागात आणि अन्यत्र असतील, त्यांना माळव्यातील त्या गावी जाऊन कोणी नातलग सापडणार नाहीत. तेथील लोकांना त्यांची आठवणही नसेल. परंतु गावाने विसरावे आणि आडनावाने आठवण धरावी, असे घडले आहे. पाचशे वर्षांपूर्वी निघालेल्या माणसांनी जे एक अक्षर सांभाळून आणले, ते पुढच्या पिढीच्या हाती शाबूत पडावे, एवढी सदिच्छा या शतकपूर्तीच्या मंगलप्रसंगी व्यक्त करणे उचित होईल.